इंग्रजी कवितेचे वृत्त कसे ओळखावे

मराठी वाचक इंग्रजी कवितेच्या वृत्ताकडे वळतो तेव्हा तो अगदी रिकाम्या हाताने जात नाही. लघु-गुरू, गण, यती, मात्रा या संकल्पना त्याला शाळेपासून ठाऊक असतात, आणि ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र आठवत असेल तर ठरावीक क्रमाने येणाऱ्या अक्षरांचा गट ही कल्पना त्याला नव्याने शिकवावी लागत नाही. मात्र हीच तयारी त्याला दोन ठिकाणी चकवते. पहिले म्हणजे मराठी आणि संस्कृत वृत्ते अक्षराच्या उच्चाराला लागणारा काळ मोजतात, तर इंग्रजी वृत्त अक्षरावर पडणारा आघात मोजते. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. आपल्या अक्षरगणवृत्तात नियम मोडला की छंदोभंग होतो, उलट इंग्रजीतले उत्तम कवी नियम वारंवार आणि जाणूनबुजून मोडतात. ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ ही भुजंगप्रयाताची ओळ चार य गणांची, बारा अक्षरांची आहे, आणि मनाच्या श्लोकांतल्या प्रत्येक ओळीकडून आपण हीच अपेक्षा धरतो. शेक्सपिअरच्या सुनीताकडून, म्हणजे चौदा ओळींच्या सॉनेटकडून, अशी अपेक्षा धरली, तर दुसऱ्याच कडव्यात वाचक गोंधळतो आणि आपल्यालाच काही कळत नाही असे समजून पुस्तक मिटतो.

म्हणून इंग्रजीत वृत्त ओळखणे हे दुहेरी काम आहे. आधी संपूर्ण कविता कानाला कोणत्या नमुन्याची सवय लावते ते ठरवायचे, आणि मग प्रत्येक ओळ त्या नमुन्याशी कशी वागते ते वेगळे नोंदवायचे. पुढची पद्धत या क्रमाने मांडली आहे. लेखात ‘अक्षर’ हा शब्द छंदशास्त्रातल्या अर्थाने, म्हणजे सिलेबल या अर्थाने वापरला आहे. ज्या अक्षरावर आघात आहे त्याच्या आधी शब्दकोशातल्यासारखी उभी खूण (ˈ) दिली आहे आणि गणांच्या मधे उभी रेघ ओढली आहे. कागदावर काम करताना आघात असलेल्या अक्षराच्या डोक्यावर तिरपी रेघ आणि आघात नसलेल्या अक्षरावर छोटी अर्धगोल खूण करण्याची पद्धत रूढ आहे.

आधी आघात ऐकायला शिकावे

इंग्रजीत दोन किंवा अधिक अक्षरांच्या प्रत्येक शब्दात एक अक्षर इतरांपेक्षा ठळक उच्चारले जाते. ते थोडे मोठ्याने, थोडे वरच्या सुरात आणि थोडे रेंगाळून येते, आणि त्याच्या शेजारच्या अक्षरांतले स्वर पुष्कळदा आक्रसून आपल्या ऱ्हस्व ‘अ’सारखे होतात. मराठी माणसाच्या इंग्रजीत हा भेद बराच पुसट असतो, कारण आपण प्रत्येक अक्षराला त्याचा पूर्ण स्वर देतो आणि ‘द’, ‘ऑफ’, ‘टू’ हे किरकोळ शब्दही नामांच्या बरोबरीने ठासून म्हणतो. बोलण्यात यामुळे काही बिघडत नाही, पण वृत्त ओळखताना बिघडते. ‘कंपेअर’ या शब्दाची दोन्ही अक्षरे आपण सारखीच उच्चारली, तर त्यात आघात कुठे आहे ते ऐकू येणारच कसे?

उपाय सोपा असला तरी त्याला चिकाटी लागते. चांगल्या उच्चारकोशात शब्द उघडावा आणि आघाताची खूण कोणत्या अक्षराच्या आधी आहे ते पाहावे. ही खूण आघातयुक्त अक्षराच्या आधी येते, नंतर नाही, आणि नवशिक्यांची चूक बहुधा इथेच होते. ‘रेकॉर्ड’ हे नाम असेल तर आघात पहिल्या अक्षरावर आणि क्रियापद असेल तर दुसऱ्यावर असतो. ‘प्रेझेंट’चेही तसेच आहे. त्यामुळे शब्द कोणत्या कामासाठी आला आहे हेही पाहावे लागते. एक युक्ती उपयोगी पडते: शब्द जसा उच्चारला जातो तसा देवनागरीत लिहून काढावा आणि जिथे अस्पष्ट ‘अ’ ऐकू येतो ते अक्षर बहुधा आघातहीन समजावे. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण असे, की ‘कर्फ्यू’ किंवा ‘बर्निंग’ या शब्दांत पहिला स्वर आपल्याला ‘अ’सारखा ऐकू येतो, पण तो दीर्घ असून आघातही त्याच्यावरच असतो.

एकाक्षरी शब्दांना कोश फारशी मदत करत नाही. तिथे सर्वसाधारण नियम असा, की नाम, क्रियापद, विशेषण आणि क्रियाविशेषण यांच्यावर आघात येतो, आणि उपपदे, शब्दयोगी अव्यये, उभयान्वयी अव्यये, सर्वनामे व साहाय्यक क्रियापदे आघाताविना निघून जातात. हा नियम वाक्यातल्या अर्थानुसार वाकतो. ‘मी नाही, तो’ असा विरोध दाखवायचा असेल तर सर्वनामावरही आघात येतो.

पहिली पायरी: गद्यासारखे वाचन आणि अक्षरांची मोजणी

कविता हाती घेतल्यावर कमीत कमी आठ-दहा ओळी मोठ्याने आणि गद्यासारख्या वाचाव्यात. टाळी किंवा ठेका धरून वाचू नये. ठेका धरला की कोणतीही ओळ कोणत्याही वृत्तात बसल्यासारखी वाटते आणि आपण शोधत असलेले उत्तर आधीच तोंडात येऊन बसते. चाल लावून म्हणण्याची आपली सवयही इथे बाजूला ठेवावी, कारण चाल ऱ्हस्वाला दीर्घ करते आणि आघात झाकते.

त्यानंतर प्रत्येक ओळीतली अक्षरे मोजावीत. ती कानाने मोजावीत, लिपीतल्या अक्षरांवरून नव्हे. ‘स्ट्रेंग्थ’ लिहिताना व्यंजनांची गर्दी होते, तरी ते एकच अक्षर आहे. ‘लिटल’मध्ये ऐकू येणारा पूर्ण स्वर एकच असला तरी अक्षरे दोन आहेत. हनुवटीखाली हात धरून शब्द सावकाश उच्चारावा आणि जबडा किती वेळा खाली येतो ते मोजावे. ही जुनी युक्ती बहुतेक वेळा पुरते. काही शब्द कवीच्या सोयीने आखडतात वा लांबतात. ‘हेवन’, ‘पॉवर’, ‘फ्लॉवर’ हे कधी एक तर कधी दोन अक्षरांचे धरले जातात. ‘ओव्हर’चे ‘ओअर’ होते. भूतकाळी ‘एड’ हा प्रत्यय जुन्या कवितेत कधी वेगळे अक्षर म्हणून म्हणावा लागतो. शेक्सपिअरच्या ११६व्या सुनीतात ‘ओ नो! इट इझ ॲन एव्हर-फिक्सेड मार्क’ या ओळीत ‘फिक्स्ड’ असे आजच्यासारखे म्हटले तर नऊच अक्षरे होतात. ‘फिक्सेड’ म्हटले की दहा भरतात.

सर्व ओळी आठ अक्षरांच्या निघाल्या, किंवा दहाच्या, किंवा आलटून पालटून आठ आणि सहाच्या, तर अर्धे काम झाले. दहाच्या आसपास येणाऱ्या ओळी पाहताच पेंटामीटरचा, म्हणजे पाच गणांच्या ओळीचा, संशय घ्यावा, कारण इंग्रजी परंपरेत तीच लांबी सर्वाधिक प्रतिष्ठित आहे. चौदाव्या शतकात चॉसरने ती रुजवली, सोळाव्या शतकात सरेच्या अर्लने तिच्यातून यमकाविना चालणारे ब्लँक व्हर्स घडवले, आणि एलिझाबेथकालीन नाटककारांनी त्याला रंगभूमीची भाषा केले.

दुसरी पायरी: गण आणि त्यांची नावे

इंग्रजी गणाला ‘फूट’ म्हणतात आणि प्रत्यक्षात चारच गण पुन्हा पुन्हा भेटतात. आघातहीन अक्षरानंतर आघातयुक्त अक्षर आले की आयंब, आणि उलट क्रम असेल तर ट्रोकी. दोन आघातहीन अक्षरांनंतर एक आघातयुक्त आले की ॲनापेस्ट, आणि एका आघातानंतर दोन आघातहीन आली की डॅक्टिल. लघूच्या जागी आघातहीन आणि गुरूच्या जागी आघातयुक्त अक्षर कल्पिले, तर ॲनापेस्ट हा आपला स गण आणि डॅक्टिल हा भ गण. हे साम्य लक्षात ठेवण्यापुरते वापरावे, त्याहून पुढे ताणू नये. दोन आघातांची स्पाँडी आणि दोन आघातहीन अक्षरांचा पिरिक हे आणखी दोन गण अधूनमधून येतात, पण त्यांच्यावर पूर्ण कविता उभी राहत नाही. ओळीत गण किती, यावरून ट्रायमीटर, टेट्रामीटर, पेंटामीटर, हेक्झामीटर अशी तीन ते सहा गणांची नावे पडतात.

सरावासाठी सर्वांत स्वच्छ ओळ मला थॉमस ग्रेच्या १७५१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एलेजी’ची वाटते:

द ˈकर | फ्यू ˈटोल्झ | द ˈनेल | ऑव्ह ˈपार | टिंग ˈडे

पाच आयंब, एकही अपवाद नाही. ‘कर्फ्यू’ आणि ‘पार्टिंग’ हे शब्द दोन गणांत विभागले गेले आहेत याकडे लक्ष द्यावे. गणाची सीमा शब्दाच्या सीमेशी जुळलीच पाहिजे असे नाही, आणि हे आपल्या गणांसारखेच आहे. याउलट ब्लेकच्या १७९४ सालच्या वाघावरील कवितेची सुरुवात आघातानेच होते: ˈटाय-गर | ˈटाय-गर | ˈबर-निंग | ˈब्राइट. चार ट्रोकी, पण शेवटच्या गणातले आघातहीन अक्षर गाळलेले, म्हणून अक्षरे सात. ॲनापेस्टसाठी असिरियाचा राजा सेनाखेरिब याच्या विनाशावरील बायरनच्या कवितेची दुसरी ओळ घ्यावी: अँड हिझ ˈको | हॉर्ट्स वर ˈग्लीम | इंग इन ˈपर | पल अँड ˈगोल्ड. १८१५ सालची ही कविता मोठ्याने वाचली की घोड्यांच्या दौडीसारखी चाल आपोआप येते. डॅक्टिलसाठी टेनिसनची १८५४ सालची लाइट ब्रिगेड या घोडदळावरील कविता प्रसिद्ध आहे: ˈहाफ अ लीग | ˈहाफ अ लीग. इथे ‘लीग’ हे नाम आहे, म्हणजे सर्वसाधारण नियमाने त्यावर आघात हवा, पण दोन बाजूंच्या ‘हाफ’च्या ठोक्यांत तो दबून जातो.

या दबण्याकडे आणि त्याच्या उलट, उचलले जाण्याकडे नीट पाहिले पाहिजे, कारण बहुतेक चुका इथे होतात. इंग्रजी आघात सापेक्ष असतो. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी तो दोनऐवजी चार पातळ्यांवर मोजावा असे दाखवले. वृत्ताला फक्त एवढेच हवे असते, की गणातले एक अक्षर त्याच गणातल्या दुसऱ्या अक्षरापेक्षा जड असावे. म्हणून एखादे किरकोळ शब्दयोगी अव्यय दोन आणखी हलक्या अक्षरांच्या मधे आले तर ते ठोक्याची जागा घेते, आणि एखादे नाम दोन जड शब्दांच्या मधे आले तर ते जागा सोडते.

एक उदाहरण सविस्तर

शेक्सपिअरची सुनीते १६०९ साली छापली गेली. त्यांतल्या अठराव्या सुनीताची सुरुवात बहुतेकांना पाठ असते, म्हणून तीच घेऊ. पहिली ओळ: शॅल आय कंपेअर दी टू अ समर्झ डे. अक्षरे दहा. दोन अक्षरांचे शब्द दोनच, ‘कंपेअर’ आणि ‘समर्झ’. कोश सांगतो, की पहिल्यात आघात दुसऱ्या अक्षरावर आणि दुसऱ्यात पहिल्यावर आहे. एकाक्षरी शब्दांत ‘डे’ हे नाम, तेव्हा तिथे आघात. एवढ्या तीन निश्चित खुणा केल्या की चौथे, आठवे आणि दहावे अक्षर भारित झालेले दिसते. तिन्ही सम स्थानी आहेत, म्हणजे नमुना आयंबिक असावा हा अंदाज बांधता येतो. आता संशयास्पद जागा पाहाव्यात. सहावे अक्षर ‘टू’ स्वतः हलके आहे, पण त्याच्या शेजारचे ‘अ’ आणि ‘दी’ त्याहून जड नाहीत, म्हणून नमुना ‘टू’ला अलगद उचलून धरतो. वाचताना त्यावर जोर द्यायचा नाही, फक्त ते गिळायचे नाही. पहिल्या गणात ‘शॅल’वर भर द्यावा की ‘आय’वर, यावर अभिनेते आणि अभ्यासक यांचे एकमत नाही. ‘करू का तुलना?’ असा प्रश्न ठळक करायचा असेल तर ‘शॅल’ जड होतो. माझ्या मते दोन्ही वाचने वृत्तात बसतात आणि एकालाच खरे ठरवण्याचा हट्ट धरू नये. निष्कर्ष असा लिहिता येईल:

शॅल ˈआय | कम् ˈपेअर | दी ˈटू | अ ˈसम | मर्झ ˈडे

दुसऱ्या ओळीचा शेवटचा शब्द ‘टेंपरेट’. आज तो ‘टेंप्रट’ असा दोन अक्षरांत उच्चारला जातो, पण ओळीत तसा म्हटला तर नऊच अक्षरे होतात. शिवाय चौथ्या ओळीच्या शेवटी ‘डेट’ आहे आणि त्याच्याशी यमक जुळायला हवे. अक्षरसंख्या आणि यमक या दोन साक्षी एकत्र आल्या की ‘टेम-पर-एट’ असा तीन अक्षरांचा उच्चार ठरतो आणि शेवटच्या अक्षरावर हलका आघात येतो. यमक हे असे उच्चाराचा पुरावा म्हणून वापरता येते. तिसरी ओळ ‘रफ विंड्झ डू शेक द डार्लिंग बड्झ ऑव्ह मे’. इथे पहिल्याच गणात विशेषण आणि नाम शेजारी आले आहेत, दोन्ही जड, म्हणजे स्पाँडी. उरलेले चार गण सरळ आयंब. वादळी वाऱ्याचा उल्लेख येताच ओळ अडखळते आणि कळ्यांपाशी येताना पुन्हा सुरळीत होते. पाचवी ओळ ‘ˈसमटाइम’ अशी आघाताने सुरू होते: पहिला गण उलटा, ट्रोकी, आणि मग ‘टू ˈहॉट | द ˈआय | ऑव्ह ˈहे | वन ˈशाइन्झ’. इथे ‘हेवन’ दोन अक्षरांचा धरला आहे.

पाच ओळींत इतक्या विविध गोष्टी सापडल्या तरी वृत्ताचे नाव एकच राहते, आयंबिक पेंटामीटर. कवितेचे नाव बहुमताने ठरते आणि अपवाद त्या नावाखाली नोंदवले जातात. नवशिके पहिल्या ओळीवर निकाल देतात, आणि नेमकी पहिलीच ओळ अनेकदा लक्ष वेधण्यासाठी वाकडी लिहिलेली असते.

सुनीत हा काव्यप्रकार मराठीत आला तो केशवसुतांच्या हातून, १८९२ साली ‘मयूरासन आणि ताजमहाल’ या कवितेने, पण त्याच्याबरोबर आयंबिक पेंटामीटर आला नाही. मराठी कवींनी चौदा ओळी आणि यमकांची रचना घेतली आणि ओळीसाठी बहुधा शार्दूलविक्रीडितासारखे एकोणीस अक्षरांचे, बाराव्या अक्षरावर यती असलेले वृत्त योजले. मराठी सुनीते वाचून कान तयार झालेल्या वाचकाने इंग्रजी सुनीतात तसा ठाशीव यती शोधू नये. पेंटामीटरमध्ये विराम ओळीत कुठेही येऊ शकतो.

अपवाद कुठे येतात

अपवादांना मोकाट स्वातंत्र्य नसते. उलटा गण, म्हणजे आयंबाच्या जागी ट्रोकी, सर्वांत जास्त ओळीच्या आरंभी येतो, त्याखालोखाल ओळीतल्या विरामानंतर. हॅम्लेटच्या ‘टू ˈबी | ऑर ˈनॉट | टू ˈबी | ˈदॅट इझ | द ˈक्वेश | चन’ या ओळीत चौथा गण उलटा आहे आणि त्याच्या आधी स्वल्पविराम आहे. याच ओळीत अकरावे अक्षर उरले आहे. ओळीच्या शेवटी असे एक आघातहीन अक्षर जास्त आले तर त्याला सहावा गण मानायचे नसते, ती ओळ पेंटामीटरच राहते. शेवटचा गण उलटा सापडला असे वाटले, तर आधी आपल्या उच्चारावर संशय घ्यावा.

दोन हलकी अक्षरे आणि लगेच दोन जड अक्षरे, अशी जोडीही पुष्कळदा भेटते. ११६व्या सुनीताची पहिली ओळ ‘लेट मी नॉट टू द मॅरिज ऑव्ह ट्रू माइंड्झ’ अशी संपते. तिच्या शेवटच्या दोन गणांत ‘रिज ऑव्ह’ हा पिरिक आणि ‘ट्रू माइंड्झ’ ही स्पाँडी आहे. अलेक्झांडर पोपने १७११च्या आपल्या टीकाविषयक काव्यात अशा जडपणाचे प्रात्यक्षिकच दिले आहे. ग्रीक वीर एजॅक्स प्रचंड खडक फेकू पाहतो त्या ओळीत ‘सम रॉक्स व्हास्ट वेट’ हे चार जड शब्द सलग ठेवून त्याने वाचकाच्या जिभेलाही श्रम करायला लावले. त्याच काव्यात बारा अक्षरांच्या अलेक्झांड्राइन ओळीची टवाळी करताना जखमी सापासारखी सरपटणारी ओळही त्याने बारा अक्षरांचीच लिहिली.

मिल्टनच्या १६६७ सालच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्याची पहिली ओळ सरावात उशिरा घ्यावी. ‘ऑव्ह मॅन्झ फर्स्ट डिसओबीडिअन्स, अँड द फ्रूट’ हिच्यात ‘डिअन्स’ एका अक्षरात आखडावा लागतो, ‘अँड’ला ठोक्याच्या जागी उचलावे लागते आणि वाक्य ओळीच्या शेवटी न थांबता पुढच्या ओळीत वाहत जाते. ओळीच्या शेवटी थांबण्याची सवय असलेल्याला इथे वृत्तही सापडत नाही आणि अर्थही.

आयंब की ट्रोकी, हा नेहमीचा घोळ

सात अक्षरांच्या, दोन्ही टोकांना आघात असलेल्या ओळीला शेवट गाळलेला ट्रोकी टेट्रामीटर म्हणता येते आणि आरंभ गाळलेला आयंबिक टेट्रामीटरही. एकट्या ओळीवरून हा प्रश्न सुटत नाही, शेजारच्या ओळी पाहाव्या लागतात. ब्लेकच्या वाघाच्या कवितेत बहुतेक ओळी आघाताने सुरू होतात, म्हणून तिला ट्रोकी म्हणणे योग्य. पण पहिल्या कडव्याची चौथी ओळ ‘कुड ˈफ्रेम | दाय ˈफिअर | फुल ˈसिम | मˈट्री’ ही आठ अक्षरांची सरळ आयंबिक ओळ आहे, आणि ज्याने कोकरू घडवले त्यानेच तुला घडवले का, हा कवितेचा कळीचा प्रश्नही अशाच आयंबिक ओळीत येतो. लाँगफेलोच्या १८५५च्या ‘हायवाथा’त मात्र संशय उरत नाही, तिथे आठ अक्षरांचे चार पूर्ण ट्रोकी ओळीमागून ओळी चालत राहतात. ही एकसुरी चाल फार वेळ वाचत राहणे जड जाते, असे माझे मत आहे.

बॅलड, म्हणजे कथागीत, ओळखणे त्यामानाने सोपे. चार ठोक्यांची आणि तीन ठोक्यांची ओळ आलटून पालटून येते आणि यमक दुसऱ्या व चौथ्या ओळीत असते. कोलरिजच्या १७९८ सालच्या वृद्ध नाविकाच्या कवितेत पहिली ओळ आठ अक्षरांची व चार ठोक्यांची आहे. दुसरी ‘अँड ही ˈस्टॉप | पथ ˈवन | ऑव्ह ˈथ्री’ तीन ठोक्यांची असून तिचा पहिला गण ॲनापेस्ट आहे. एमिली डिकिन्सनने हीच मापे ख्रिस्ती स्तोत्रांच्या घडणीतून घेतली आणि आठ-सहा अक्षरांच्या ओळींत मोकळेपणाने वापरली.

पद्धत कुठे थांबते

अक्षरे मोजून कोणताच आकडा स्थिर होत नसेल, एक ओळ आठची आणि पुढची अकराची निघत असेल, तर गण पाडण्याचा आग्रह सोडून फक्त ठोके मोजावेत. ठोके प्रत्येक ओळीत सारखे निघाले, तर ती कविता आघातसंख्येवर उभी आहे. जुन्या इंग्रजीतले अनुप्रासयुक्त काव्य असेच होते, बालगीते बरीचशी अशीच आहेत, आणि एकोणिसाव्या शतकात हॉपकिन्सने याच तत्त्वातून आपली ‘स्प्रंग ऱ्हिदम’ घडवली. कोलरिजने १८१६ साली ‘क्रिस्टाबेल’च्या प्रास्ताविकात स्वच्छ सांगितले, की ओळीतली अक्षरे सात ते बारापर्यंत कमीजास्त होतील, पण आघात चारच राहतील. ‘टिझ द ˈमिडल ऑव्ह ˈनाइट बाय द ˈकासल ˈक्लॉक’ या पहिल्या ओळीत अक्षरे अकरा आणि ठोके चार आहेत. तिसऱ्या ओळीत घुबडांचा घूत्कार आहे, ‘टू-व्हिट! टू-व्हू!’, आणि तिथे अक्षरे चारच, म्हणजे कवीने स्वतः घातलेली सात अक्षरांची मर्यादा तिसऱ्याच ओळीत मोडली आहे. या ओळीत गण पाडू नयेत. चारही अक्षरांना एकेक ठोका द्यावा, आणि शेजारच्या ओळींना जितका वेळ लागला तितकाच तिला लागेल अशा बेताने ती सावकाश वाचावी.